पिंजरा-दंतचक्र

दोन समांतर गोल चकत्यांच्या कडेजवळ सारख्या अंतरावर दंडगोल सळ्या बसवून जे चक्र तयार होते, त्यास पिंजरा-दंतचक्र किंवा लँटर्न पिनियन म्हणतात. यात दाताचे काम सळई करते; जोडीच्या चक्राचे दात अथवा खुंट्या सळ्यांमधील फटींत शिरतात आणि गती एका आसावरून दुसऱ्यावर जाते. पाणचक्क्या, पवनचक्क्या, मनोऱ्यांवरील घड्याळे, भिंतीवरची लंबकाची घड्याळे आणि कोकण किनाऱ्यावरच्या बागायतीचे रहाट यांत ही रचना दीर्घकाळ वापरात होती.

रचनेची प्राचीनता निश्चित आहे. इ. स. पू. पहिल्या शतकात रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसने पाणचक्कीतील काटकोनी दंतचक्रांचे वर्णन केले आहे, मात्र त्यावरून लहान चक्राचा आकार स्पष्ट होत नाही. जर्मनीतील झुगमांटेल येथील रोमन ठाण्याच्या अवशेषांत जात्याच्या लोखंडी आसावरचे पिंजरा-चक्र मिळाल्याने रोमन काळातील वापरास प्रत्यक्ष पुरावा लाभला.

दंतचक्राच्या रहाटाच्या भारतातील आगमनाबाबत मतभेद आहेत. संस्कृत ग्रंथांत ‘अरघट्ट’ व ‘घटीयंत्र’ हे विहिरीतून घटांनी पाणी काढण्याच्या यंत्राचे उल्लेख जुने असून पंचतंत्रातील गंगदत्त बेडूक अरघट्टाच्या लहान घटांवर चढूनच विहिरीबाहेर येतो. यावरून काही अभ्यासक दंतचक्राचा रहाट प्राचीन भारतीय मानतात. परंतु या कथेतून सिद्ध होते ते इतकेच की विहिरीत उतरणारी घटांची साखळी ठाऊक होती. ती फिरवण्यासाठी आडवे आणि उभे अशा दोन चक्रांची जोडी होती, असे त्यातून निघत नाही. इतिहासकार इरफान हबीब यांनी नेमका हा भेद पुढे करून दंतचक्राची जोड सल्तनतकाळाच्या सुमारास आली असे प्रतिपादन केले. बाबराने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाहोर, दीपालपूर व सरहिंद भागांतील रहाटाचे जे वर्णन केले आहे, त्यात एकमेकांत अडकणारी दातेरी चक्रे स्पष्ट दिसतात. उपलब्ध पुराव्याचा विचार करता उशिराचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. कोकणापुरते पाहता, चौल बंदराचा अरबी समुद्रापलीकडील व्यापार जुना असून दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी तेथे आला होता, त्यामुळे समुद्रमार्गाची शक्यता काहींना आकर्षक वाटते. मात्र संपर्क होता म्हणून यंत्रही त्याच वाटेने आले, असे मानणे घाईचे ठरेल.

अलिबाग-रेवदंडा परिसरातील अष्टागरात आणि उत्तरेस वसईच्या वाड्यांत नारळ-सुपारीस पाणी देण्यासाठी जनावराने फिरवायचे रहाट होते. हातापायांनी फिरवायच्या लहान रहाटात दंतचक्र लागत नाही. येथे अभिप्रेत आहे तो मोठा रहाट. बैल किंवा रेडा जोखडाच्या दांड्याने उभ्या खांबाभोवती फिरतो, खांबावरील आडवे पिंजरा-चक्र उभ्या चक्राच्या खुंट्यांना ढकलते, आणि त्याच आसावरच्या दुसऱ्या चक्रावरून लोट्यांची माळ विहिरीत उतरून भरून वर येते. लोटे पन्हळीत रिकामे होतात व पाणी पाटाने वाडीत जाते. उलट फिरून माळ खाली जाऊ नये म्हणून चक्रास अडकण लावतात.

येथे यंत्रशास्त्राचा एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. सळ्यांचे चक्र चालित असेल, म्हणजे दातेरी चक्र त्यास फिरवत असेल, तर दोन आसांची केंद्रे जोडणारी रेषा ओलांडल्यानंतरच बहुतेक स्पर्श होतो आणि घर्षण कमी राहते. तेच चालक असेल, तर स्पर्श त्या रेषेपूर्वी होऊन दात व सळई एकमेकांवर रेटली जातात. घड्याळांत पहिली रीत पाळतात. रहाटात नेमकी उलट स्थिती असते, पण गती मंद आणि खुंट्या सैल असल्याने यंत्र चालते. रहाटाच्या दूरवर ऐकू येणाऱ्या करकरीचे एक कारण या उलट जोडणीत शोधणे योग्य होईल. सळईसाठी दाताचा आदर्श आकार अधिचक्रजापासून, म्हणजे एका वर्तुळाच्या बाहेरून घरंगळणाऱ्या दुसऱ्या वर्तुळावरील बिंदू जी वक्ररेषा काढतो तिच्यापासून, काढता येतो, हे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले गेले. त्याचे श्रेय डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर की फ्रेंच गणितज्ञ फिलिप द ला हीर यांस, याविषयी एकवाक्यता नाही. जर्मन गणितज्ञ लाइब्निट्सचा कल रोमरकडे होता.

घड्याळांत हे चक्र स्वस्त उत्पादनामुळे पसरले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पितळी पत्र्याची यंत्रे मोठ्या प्रमाणात होऊ लागली, तेव्हा अखंड पोलादातून दात कोरण्यापेक्षा दोन चकत्यांत तारेचे तुकडे बसवणे सोपे ठरले. अ‍ॅन्सोनिया व सेथ थॉमस या अमेरिकी कंपन्यांच्या भिंतीवरच्या घड्याळांत म्हणून ही चक्रे सर्रास सापडतात. किनाऱ्यावर या रचनेचा एक दोष विशेष जाणवतो. खाऱ्या, दमट हवेत पोलादी सळई गंजते, तिच्या पृष्ठावर खड्डे पडतात आणि ती समोरच्या मऊ पितळी दातास घासून काढते. दुरुस्तीत मात्र हीच रचना उपयोगी पडते. चकतीची कडा किंचित उचलून झिजलेली एकच सळई काढता येते व तेवढ्याच जाडीची पोलादी तार बसवून कडा पुन्हा ठोकून बंद करता येते. अखंड कोरलेल्या चक्राचा एक दात गेला, तर बहुधा सगळे चक्र बदलावे लागते. रहाटाचीही दुरुस्ती याच तत्त्वावर होत असे. खुंटी मोडल्यास सुतार तेवढीच नवी तासून भोकात ठोकी आणि बाकीचे चक्र तसेच ठेवी. तेलाची इंजिने व पुढे विजेचे पंप आल्यावर वाड्यांतील मोठे रहाट बंद पडत गेले.