उरलेले साडेतेवीस तास : ज्येष्ठांना पुन्हा उभं करणाऱ्या सिस्टर

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजींना फिजिओथेरपिस्ट दिवसातून फार तर अर्धा तास चालवतो. उरलेले साडेतेवीस तास त्या वॉर्डात असतात. त्या वेळात त्या कमोडपर्यंत उठून जातात की भांडं मागतात, चहाचा कप स्वतः धरतात की सून भरवते, यावर पंचवटीतल्या वाड्याचा जिना त्या पुन्हा चढतील का, हे बरंचसं ठरतं. आणि हे तास सिस्टरांच्या हातातले.

म्हातारपणी आजारी पडलं की पडून राहायचं, ही रीत एकट्या आपल्याकडचीच नव्हे. इंग्लंडातल्या गरीबखान्यांच्या इस्पितळांत माणसं वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली असत. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात असे ७१४ रुग्ण डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आले. त्यांनी एकेकाला तपासून, खरंच उठू न शकणारे कोण आणि कुणी उठवलंच नाही म्हणून पडून राहिलेले कोण, हे निवडलं. कित्येक जण चालत घरी गेले.

पुढचं मोठं नाव मात्र परिचारिकेचं. डोरीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांचा वृद्धांच्या शुश्रूषेवरचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून पाठीला जे काही चोळलं जाई, त्याचा उपयोग नव्हता; उपयोग होता तो वेळेवर कूस बदलण्याचा. त्यांनी २० गुणांची पट्टीही दिली : प्रकृती, भान, चालणं, अंथरुणातली हालचाल, लघवी-शौचावरचा ताबा. गुण १४ किंवा खाली आले की बेडसोरचा धोका. अंदाज तर प्रत्येक मुरलेल्या सिस्टरला असतोच. पण अंदाज पुढच्या शिफ्टला सोपवता येत नाही, आकडा येतो. जेवण, अंघोळ, जिना अशी १० रोजची कामं मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५ चा.

भारतात ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वेगळा वॉर्ड आणि फिजिओथेरपी, ही त्यातली कल्पना. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासूनचं. राज्यातल्या बहुतेक नर्सिंग पदव्या इथूनच दिल्या जातात. म्हणजे शिक्षणाची कमतरता नाही. अडतं ते हातांवर. इंजेक्शन, सलाईन, नोंदी यांत शिफ्ट सरते आणि कूस बदलणं मावशींकडे किंवा सुरगाणा-पेठहून आलेल्या, खाटेखाली चटई टाकून झोपणाऱ्या मुलाकडे जातं.

दुसरी अडचण मायेची. सेवा म्हणजे सगळं हातात देणं, असं आपलं मन सांगतं. त्यामुळे ‘आजींना स्वतः जेवू द्या, सांडलं तरी चालेल’ म्हणणारी सिस्टर नातेवाइकांना कठोर वाटते. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ऐकण्याची इच्छा. माझ्या मते या कामाचा गाभा त्यातच आहे : कुठे हात द्यायचा आणि कुठे थांबून पाहायचं, हे रुग्णाकडूनच कळतं.

म्हणून चांगली सिस्टर डिस्चार्जच्या बऱ्याच आधी विचारते : घरी पायऱ्या किती, संडास कुठल्या पद्धतीचा, रात्री दिवा कुठे असतो? मग मुलालाही शेजारी उभं करून शिकवते : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.