जगत्‌शेठ घराणे

अठराव्या शतकात बंगालच्या नवाबी राजकारणावर वर्चस्व असलेले मुर्शिदाबाद येथील सराफ घराणे. ‘जगत्‌शेठ’ हा मोगल दरबारचा किताब असून तो घराण्यातील कर्त्या पुरुषाकडे वंशपरंपरेने चाले. त्यामुळे जुन्या लेखनात नुसते ‘जगत्‌शेठ’ आले, की ते फत्तेचंदाविषयी आहे की त्याचा नातू महताबचंद याच्याविषयी, हे साल पाहून ठरवावे लागते. लोकप्रिय लेखनात दोघांची सर्रास गल्लत झालेली आढळते.

घराणे मूळचे मारवाडातील नागोरचे. ओसवाल, श्वेतांबर जैन. मूळ पुरुष हीरानंद साहू सतराव्या शतकाच्या मध्यास (परंपरेनुसार १६५२ मध्ये) पाटण्यास आला. त्याचा मुलगा माणिकचंद याने डाक्क्यास (ढाका) पेढी घातली. दिवाण मुर्शिदकुलीखानाने सु. १७०४ मध्ये आपली कचेरी भागीरथीकाठच्या मखसूदाबादला (नंतरचे मुर्शिदाबाद) हलवली, तेव्हा माणिकचंदही तिकडे गेला व नजीकच्या महिमापूरला त्याने कोठी बांधली. त्याच्यामागे कारभार फत्तेचंदाकडे आला. हा त्याचा भाचा व दत्तकपुत्र.

किताब कोणी व केव्हा दिला, याबद्दल मतभेद आहेत. एका परंपरेनुसार तो फर्रुखसियर बादशाहाने (कार. १७१३–१९) दिला, बंगालच्या फार्सी इतिहासांपैकी काहींचा कल तसाच आहे. घराण्याचे इतिहासकार जे. एच. लिट्ल यांनी त्याची कागदपत्रे पाहून तो मुहम्मदशाहाच्या काळातील मानला व १७२२ ते १७२४ च्या दरम्यान ठेवला. माणिकचंदास मिळालेला ‘शेठ’ हा किताब व फत्तेचंदाचा ‘जगत्‌शेठ’ यांची सरमिसळ झाल्याने पहिले मत रूढ झाले असावे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

या घराण्याचे बळ साठवलेल्या द्रव्यापेक्षा सरकारी पैशाच्या वाटांवर होते. जमीनदारांचा वसूल मोठ्या प्रमाणात शेठांच्या कोठीत भरला जाई; वर्षारंभीच्या ‘पुण्याह’ समारंभास ज्याचा भरणा कमी पडे, त्याला शेठच व्याजाने रक्कम देत व जामीन राहत. बादशाहाला जाणारी बंगालची खंडणी त्यांच्या हुंडीने दिल्लीस पोहोचे. मुर्शिदाबादच्या टांकसाळीवरही त्यांचा ताबा होता. १७१७ च्या फर्मानाने इंग्रज कंपनीला त्या टांकसाळीचा वापर मंजूर झाला होता. पण मुर्शिदकुलीखानाने तो प्रत्यक्षात येऊ दिला नाही व कंपनीला आपली चांदी शेठांनाच विकावी लागे.

टांकसाळीचे महत्त्व बट्ट्याच्या (नाणे बदलताना कापल्या जाणाऱ्या रकमेच्या) पद्धतीवरून कळते. नवा सिक्का रुपया पहिल्या वर्षी शंभरास ११६ चलनी रुपये (हिशेबापुरता मानलेला रुपया) या दराने चाले. दुसऱ्या वर्षी तो ११३ वर येई आणि तिसऱ्या वर्षापासून ‘सनत’ (जुन्या सालाचा) ठरून १११ वर. नाणे तेच, चांदी तीच, झीजही नसे. केवळ त्यावरील साल जुने झाले, म्हणून शंभरामागे पाच चलनी रुपये जात. सरकारी भरणा सिक्क्यातच करावा लागत असल्याने कुळाचा जुना रुपया सराफाकडे बट्ट्याने जाई, तेथून टांकसाळीत, आणि नवा होऊन परत बाजारात. या फेऱ्याच्या दोन्ही टोकांना शेठ होते.

घराण्याच्या उत्पन्नाचा अंदाज कंपनीचा अधिकारी ल्यूक स्क्रॅफ्टन याने डिसेंबर १७५७ मध्ये क्लाइव्हला कळवला होता. वसुलाच्या दोन-तृतीयांश भागावर १० टक्क्यांनी १०,६०,०००. जमीनदारांकडील व्याज १३,५०,०००. ५० लाखांच्या पुनर्टंकनावर (जुनी नाणी पुन्हा पाडण्यावर) ७ टक्क्यांनी ३,५०,०००. ४० लाखांवर साडेसदतीस टक्क्यांनी व्याज १५,००,०००. बट्टा व हुंडणावळ ७ लाखांच्या घरात. एकूण वार्षिक ४९,६०,०००. हा आकडा सर्वत्र उद्‌धृत होतो. पण तो शेठांच्या वह्यांतील नसून बाहेरच्याने ठोकळ रकमांवर टक्केवारी लावून काढलेला आहे, हे विसरले जाते.

शुजाउद्दीन नवाबाच्या काळी (१७२७–३९) फत्तेचंद हा हाजी अहमद व आलमचंद यांच्यासह कारभारातील तिघा सल्लागारांपैकी एक होता. १७४० मध्ये सरफराजखानास गिरियाच्या लढाईत मारून अलीवर्दीखान नवाब झाला, त्यास शेठांचा पाठिंबा होता. सरफराजने शेठांच्या घरातील नव्या सुनेचे मुख पाहण्याचा हट्ट धरला, म्हणून शेठ उलटले, ही कथा इंग्रज लेखकांनी रंगवलेली असून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मराठ्यांच्या इतिहासात घराण्याचा संबंध येतो तो मे १७४२ मधील लुटीमुळे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये असताना त्याला मिळालेल्या मीर हबीबने अलीवर्दीच्या गैरहजेरीत मुर्शिदाबाद गाठले व शेठांची कोठी लुटली. ‘सियर-उल-मुताखरीन’ या फार्सी इतिहासाचा कर्ता लुटीचा आकडा दोन कोटी अर्काटी रुपये देतो व एवढ्याने शेठांचे काही अडले नाही, असे म्हणतो. अन्यत्र तो दोन-तीन लाखांवर येतो. एका दिवसाच्या धावत्या छाप्यात दोन कोटींची रोकड घोड्यांवर लादून नेणे अवघड असल्याने लहान आकडाच संभाव्य दिसतो.

फत्तेचंद १७४४ मध्ये वारला. पुढे महताबचंद व स्वरूपचंद या नातवांच्या काळात प्लासीची लढाई (२३ जून १७५७) झाली. तीत पदच्युत झालेला नवाब सिराजउद्दौला याने महताबचंदास दरबारात थोबाडीत मारल्याची कथा प्रसिद्ध आहे. सिराजउद्दौल्याविरुद्ध दरबारी व कंपनी यांनी कट केला; कटवाल्यांनी नवाबपदासाठी आधी पुढे केलेला यार लुत्फखान शेठांकडून पैसे घेणारा सरदार होता. नंतर मीर जाफर ठरला. कटाचा पुढाकार कोणाचा, यावर इतिहासकार रजत कांत राय दरबारातील असंतुष्टांना महत्त्व देतात, तर सुशील चौधुरी कंपनीच्या अधिकाऱ्यांना. कलकत्त्याच्या कागदपत्रांतील घाई पाहता दुसऱ्या मतास बळकटी मिळते. मात्र शेठांच्या होकाराविना कट तडीस गेला नसता, हे दोन्ही पक्षांस मान्य व्हावे. लढाईनंतर मीर जाफरने कंपनीस कबूल केलेल्या रकमेच्या देण्याघेण्याची बैठक शेठांच्याच वाड्यात भरली. निम्मी रक्कम तात्काळ व उरलेली तीन वर्षांत हप्त्यांनी, असे ठरले. कटातील व्यापारी अमीचंद याला वाटा देण्याचे कलम असलेला तांबड्या कागदावरील तह बनावट होता, हेही त्याला तेथेच कळले. मोगल सत्तेचा ऱ्हास मोठ्या पेढ्यांनी पाठिंबा काढून घेतल्याने झाला, असा सिद्धांत कॅरन लेनर्ड यांनी १९७९ मध्ये मांडला. तो पुष्कळांना अतिव्याप्त वाटतो.

फेब्रुवारी १७५७ च्या तहाने कंपनीस कलकत्त्यात टांकसाळ मिळाली होती, १७६५ मध्ये दिवाणी (महसूलवसुलीचा हक्क) मिळाली आणि १७७२ मध्ये खजिना कलकत्त्यास गेला. तत्पूर्वी १७६३ मध्ये नवाब मीर कासिमने महताबचंद व स्वरूपचंद या दोघा भावांना ठार मारले होते. त्यांना मुंगेरच्या बुरुजावरून गंगेत लोटले, असे लोक सांगतात. बाढजवळ कत्तल झाल्याचा वृत्तांत अधिक जुना आहे. महताबचंदाचा मुलगा खुशालचंद याने सांगितलेल्या येण्यापैकी कंपनीने २१ लाख मान्य केले व ते कंपनी आणि नवाब यांनी निम्मे-निम्मे फेडावे, असे ठरले. किताब त्यानंतरही चालू राहिला. एकोणिसाव्या शतकात वारस कंपनीच्या निवृत्तिवेतनावर होते. महिमापूर येथे घराण्याच्या नावाचे लहान संग्रहालय असून जुन्या वाड्याचा बराचसा भाग भागीरथीने गिळला आहे.