टोनर ट्रान्सफर पीसीबी: ‘मिरर’चा घोळ कुठून आला

कॉपर क्लॅडवर, म्हणजे तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या बोर्डावर, कार्बन पेपरने आराखडा उतरवायचा, ऑइल पेंटने किंवा मार्करने ट्रॅक (तांब्याच्या वाटा) रंगवायचे आणि उघडे तांबे विरघळवायला बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये सोडायचा, ही घरगुती पीसीबीची (सर्किट बोर्डाची) जुनी रीत. आयसीच्या दोन पायांमधून ट्रॅक काढायची वेळ आली की तिथे ही रीत थांबायची. झेरॉक्सचे तत्त्व १९३८ सालचे, पण लेझर प्रिंटर टेबलावर आला तो १९८०च्या दशकाच्या मध्यात. त्याचा टोनर म्हणजे प्लास्टिकची काळी पूड. उष्णतेने वितळून ती तांब्याला चिकटते आणि फेरिक क्लोराईडला दाद देत नाही. इंकजेटच्या शाईत हा गुण नाही. म्हणून आराखडा लेझरने कागदावर छापायचा आणि तो कागद तांब्यावर पालथा ठेवून इस्त्री करायची, हीच टोनर ट्रान्सफर पद्धत.

खरा गोंधळ कागदाचा किंवा इस्त्रीचा नाही, ‘मिरर’ या एका शब्दाचा आहे. ‘प्रिंट मिरर करून घ्या’, म्हणजे आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे छापा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि निम्म्या वेळा तो चुकीचा असतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांत ‘ॲक्च्युअल साइझ’ म्हणून छापलेला लेआउट (ट्रॅकचा आराखडा) सोल्डरच्या बाजूने पाहिलेला असे, म्हणजे तयार बोर्ड उलटा धरल्यावर तांबे जसे दिसेल तसा. कार्बन पेपरने गिरवायला तो अगदी बरोबर होता. पण त्याच पानाची झेरॉक्स काढून इस्त्री केली, की कागद पालथा पडल्यामुळे चित्र उलटे उमटायचे. म्हणून आधी ट्रान्सपरन्सीवर झेरॉक्स, ती पालथी करून पुन्हा झेरॉक्स, असा खटाटोप करावा लागे. ‘मिरर करा’ हा सल्ला त्या काळाचा, आणि त्या काळापुरता योग्य.

पुढे संगणकावर लेआउट होऊ लागले आणि बघण्याची बाजू बदलली. सॉफ्टवेअर बोर्डाकडे नेहमी वरून, कंपोनंटच्या बाजूने पाहते. खालचे तांबे जणू काचेतून दिसते, म्हणजे पडद्यावरच ते उलटे असते. ते जसेच्या तसे छापायचे. इस्त्रीने ते आपोआप सुलटे होते. इथे मिरर केले की संपले. वरच्या लेयरला मात्र, म्हणजे एसएमडीचा (तांब्याच्याच बाजूला बसणाऱ्या बिनपायांच्या भागांचा) एकेरी बोर्ड असेल तर, मिरर हवेच.

चूक झाली की काय होते, हे ५५५ या आठ पिनांच्या टायमर आयसीच्या बोर्डावर लगेच कळते. उलट्या बोर्डावर १ नंबरची पिन ८च्या जागी जाते. ८ म्हणजे सप्लाय, १ म्हणजे ग्राउंड. सप्लाय उलटा बसतो आणि आयसी तापून जातो. बोर्ड फेकायची गरज नाही, आयसी तांब्याच्या बाजूने बसवला की पिना जुळतात. त्याहून बरे म्हणजे तांब्याच्या लेयरवर दोन अक्षरे टाकून ठेवावीत. कागदावर ती उलटी दिसली तरच इस्त्री हातात घ्यावी.

कागदाचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. गुळगुळीत मासिकाच्या कागदावर खडूसारख्या मातीचा लेप असतो, इस्त्रीनंतर बोर्ड पाण्यात भिजवला की तो फुगतो आणि टोनर तांब्यावर मागे सोडतो. इंकजेटचा प्लास्टिक लेपाचा फोटो पेपर लेझर प्रिंटरच्या फ्यूजरमध्ये (टोनर वितळवणाऱ्या गरम रोलरमध्ये) वितळून चिकटू शकतो, म्हणून तो टाळावा. प्रिंटरमधला टोनर सेव्ह, म्हणजे कमी टोनरची छपाई, बंद ठेवावा. बोर्ड स्कॉचब्राइटने घासून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसावा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर नेमका तिथलाच ट्रॅक निघतो. वाफ बंद करून सुती कपड्यांच्या तापमानावर इस्त्री ३ ते ५ मिनिटे दाबावी. कमी पडली तर टोनर कागदाबरोबर सुटतो, जास्त झाली तर ट्रॅक पसरून एकमेकांना भिडतात. मोठ्या ग्राउंड प्लेनवर, म्हणजे ग्राउंडच्या सलग तांब्यावर, टोनरमध्ये बारीक छिद्रे राहतात, ती एचिंगआधी (फेरिक क्लोराईडमध्ये सोडण्याआधी) परमनंट मार्करने भरावीत. ट्रॅक ०.३ मिमीचा ठेवला तर निभावते.

नंतर पिवळा ट्रान्सफर पेपर आणि लॅमिनेटर आले. रोलरचा दाब सगळीकडे सारखा पडतो, म्हणून लॅमिनेटर इस्त्रीपेक्षा उजवा, मात्र १.६ मिमीचा बोर्ड प्रत्येक मशीनमधून जात नाही, ०.८ मिमीचा सहसा जातो.

गेल्या दशकात चीनमधून पाच-दहा बोर्ड अगदी स्वस्तात घरपोच मिळू लागले. कारखान्याला पाठवायच्या गर्बर फाइलमध्ये मिररचा प्रश्नच नाही, शिवाय भोकांना आतून तांबे मिळते, जे घरी सहसा जमत नाही. तरीही आज सुचलेले सर्किट आज रात्रीच चालवून बघायचे असेल, तर पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला क्लॅड आणि घरातली इस्त्री यांच्याइतका जवळचा रस्ता दुसरा नाही. वापरलेले फेरिक क्लोराईड मात्र मोरीत ओतू नये. त्यात विरघळलेले तांबे पाण्यातल्या जिवांना घातक असते.