फ्रंट पॅनेल जोडणी (संगणक)

संगणकाच्या कॅबिनेटच्या दर्शनी भागावरची बटणे आणि दिवे बारीक वायरींनी मदरबोर्डाला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला) जोडण्याच्या कामाला फ्रंट पॅनेल जोडणी म्हणतात. प्रोसेसर, रॅम, एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) जाड केबल सगळे बसले, तरी पॉवर बटणाच्या दोन वायरी जागेवर नसतील तर बटण कितीही दाबले तरी काही होत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून पहिल्यांदाच संगणक जुळवणारा माणूस अडतो तो बहुधा इथेच.

बटणाला इतक्या बारीक वायरी पुरतात याचे कारण 1995 साली इंटेलने आणलेल्या एटीएक्स या मदरबोर्ड आणि एसएमपीएसच्या ठरावीक रचनेत आहे. त्याआधीच्या एटी संगणकांत घरातला वीजपुरवठा सहसा थेट बटणातून जाई, त्यामुळे वायर जाड असे आणि कॅबिनेट उघडून हात घालणे धोक्याचे असे. एटीएक्समध्ये एसएमपीएसला वीज मिळत असेपर्यंत संगणक बंद असतानाही 5 व्होल्टांचा स्टँडबाय पुरवठा मदरबोर्डावर चालू राहतो. बटण दाबले की दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. मदरबोर्ड तेवढी खूण ओळखतो आणि एसएमपीएसला पूर्ण चालू करतो. चालू संगणकाचे हेच बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरले तर तो सक्तीने बंद होतो.

या वायरींसाठीच्या पिना बहुतेक मदरबोर्डांवर खालच्या उजव्या कोपऱ्यात असतात. इंटेलच्या मांडणीत दोन ओळींत मिळून नऊ पिना येतात; दहाव्या पिनेची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते आणि दिशा ओळखायला तीच कामी येते. दोन शेजारच्या पिनांत अंतर 2.54 मिलिमीटर. विषम ओळीत 1 आणि 3 हार्डडिस्कच्या दिव्यासाठी, 5 आणि 7 रीसेट बटणासाठी, म्हणजे चालू संगणक पुन्हा सुरू करणाऱ्या बटणासाठी. सम ओळीत 2 आणि 4 पॉवरच्या दिव्यासाठी, 6 आणि 8 पॉवर बटणासाठी. पुष्कळ कंपन्या हीच मांडणी ठेवतात, पण सगळ्या नाहीत. मॅन्युअलमधले ते एक पान उघडून समोर ठेवावे. अंदाजाने लावत बसण्यापेक्षा त्यात वेळ कमी जातो.

दिवा आणि बटण यांतला फरक कळला की निम्मी भीती जाते. बटण दोन टोके जुळवते, एवढेच. त्याची वायर उलटी लावली तरी चालते. दिवा म्हणजे एलईडी; त्यातून मात्र वीज एकाच दिशेने वाहते, म्हणून तिथे धन-ऋण पाहावेच लागते. उलटी लागली तर सहसा दिवा पेटत नाही, इतकेच; वायरीच्या टोकाचा प्लग फिरवून लावला की झाले. काळी किंवा पांढरी वायर बहुधा ऋण असते आणि प्लगवरचा बारीक त्रिकोण धन बाजू दाखवतो.

पॉवरच्या दिव्याचा प्लग काही कॅबिनेटांत तीन घरांचा येतो, मधले घर रिकामे. तो दोन पिनांवर बसत नाही. अशा वेळी टाचणीच्या टोकाने कडेच्या घरावरची प्लॅस्टिकची जीभ हलकेच उचलावी, वायर आतल्या पत्र्यासकट मागे ओढावी आणि मधल्या घरात सरकवावी. टक्क असा आवाज आला की ती बसली. कात्री, सोल्डर काही लागत नाही.

यूएसबी आणि ऑडिओचे प्लग मोठे असतात आणि दिसायला सारखे. यूएसबी 2.0 मध्ये नववी पिन नसते, ऑडिओत आठवी, म्हणून एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जोर केला तर पिना मात्र वाकतात. यूएसबी 3.0 चा 19 पिनांचा प्लग सर्वांत हट्टी. त्याची केबल ताठ असते, आणि तिरपा ओढून काढला तर मदरबोर्डावरचे प्लॅस्टिकचे घरच उपटून येते. तो सरळ धरूनच काढावा.

हे काम ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी उरकावे, कारण नंतर बोटे तिथे पोहोचत नाहीत. वीज पूर्ण बंद असावी, जवळ टॉर्च असावा, आणि चारही छोटे प्लग आधी बोटांत नीट मांडून एकदम बसवावेत.

संगणक चालूच होत नसेल तर दोष बटणात आहे की आत, हे ठरवायला पॉवर बटणाचा प्लग मदरबोर्डावरून काढून तो बसतो त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवतात. संगणक चालू झाला तर मदरबोर्ड ठीक आहे, बटण किंवा वायर गेली आहे. मात्र शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नये. बटणच मोडले असेल तर रीसेटचा प्लग पॉवर बटणाच्या पिनांवर लावतात, आणि तेव्हापासून संगणक रीसेटच्या बटणाने चालू होतो.