परातीतली बुरशी आणि युनिटांचा घोळ

गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून डायस्टेज (स्टार्चची साखर करणारे विकर, म्हणजे एन्झाइम) काढण्याचे पेटंट अमेरिकेत १८९४ मध्ये निघाले. तंत्र जपानी कोजीचेच, म्हणजे शिजवलेल्या तांदळावर बुरशी वाढवण्याचे. तांदळाच्या जागी कोंडा आला, एवढाच फरक. पुढे पेनिसिलिनच्या ढवळत्या टाक्या आल्या आणि पाश्चात्त्य कारखान्यांत परातीतले किण्वन (ओलसर घन मालावर बुरशी वाढवणे) मागे पडले. त्याच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॉलोमन बेटांवर लष्कराचे सुती कापड कुजवणारी ट्रायकोडर्मा ही बुरशी सापडली. ‘रीसेई’ हे नाव तिला १९७७ मध्ये मिळाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर चोथ्या-काडापासून अल्कोहोल करण्याची घाई सुरू झाली आणि याच बुरशीचे जास्त सेल्युलेज (सेल्युलोज तोडून साखर सोडवणारे विकर) देणारे उत्परिवर्तित वाण तयार झाले.

पराती पुन्हा निघाल्या त्या स्वस्त म्हणून. उसाच्या चोथ्यात नत्र जवळजवळ नाही, त्यामुळे कोंडा मिसळावा लागतो. कोंड्याचा ओलावा साधारण ६० टक्के हवा: मुठीत लाडू वळावा, पाणी गळू नये. थर २-३ सेंटीमीटरच. जाड झाला की ३० अंशांवर ठेवलेल्या परातीचा मधला भाग चाळिशी ओलांडतो आणि बुरशी तिथेच थांबते.

खरा वाद सेल्युलेजची ताकद युनिटांत मोजण्याचा आहे. १९८७ मध्ये ठरलेल्या पद्धतीत व्हॉटमन नंबर १ या गाळणकागदाची ५० मिलिग्रॅमची पट्टी विकरात ५० अंशांवर ६० मिनिटे ठेवायची आणि नेमके २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटायला किती विकर लागले ते शोधायचे. युनिटे काढायच्या सूत्रातला ०.३७ हा आकडा इथलाच: २ मिलिग्रॅम म्हणजे ११.१ मायक्रोमोल, त्याला विकराचे अर्धा मिलिलिटर आणि ६० मिनिटांनी भागा. विकर वाढवले तरी साखर त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून १ मिलिग्रॅमवर थांबून दुप्पट करणे चूकच, युनिटे फुगतात. परातीतला अर्क पातळ न करताही अनेकदा २ पर्यंत पोचत नाही, तरी शोधनिबंधांत युनिटे दिमाखात छापली जातात. अर्कातली आधीची साखर वजा केली नाही तर आकडा आणखी चढतो.

त्यावर ‘प्रति ग्रॅम कोरडा माल’. कोणता कोरडा? बुरशी माल खाते. १० ग्रॅमचे ८ उरले आणि एकूण १०० युनिटे निघाली, तर सुरुवातीच्या वजनावर १० येतात, उरलेल्यावर १२.५. तक्त्याखाली ‘सुरुवातीचे वजन’ असे लिहिलेले नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडूच नयेत.