सेमिनोल पॅचवर्क : मुलांना शिकवण्याआधीचा इतिहास

अमेरिकेतील सेमिनोल या मूळनिवासी लोकांच्या रंगीबेरंगी पोशाखाची ओळख लहान मुलांना करून देताना तो ‘प्राचीन’ असल्याचे सहज सांगून टाकले जाते. प्रत्यक्षात ज्या पॅचवर्कमुळे, म्हणजे रंगीत कापडाचे तुकडे जोडून केलेल्या नक्षीकामामुळे, हा पोशाख ओळखला जातो, ते जेमतेम शंभरेक वर्षांचे आहे आणि शिलाई यंत्राशिवाय ते रुजलेच नसते.

अमेरिकी सैन्याशी झालेले तिसरे युद्ध १८५८ साली संपले तेव्हा बहुतेक सेमिनोलांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्यात आले होते, आणि दक्षिण फ्लोरिडाच्या दलदलीत काहीशेच माणसे उरली होती. ॲलिगेटरची कातडी आणि बगळ्यांची पिसे होडीतून व्यापाऱ्यांकडे न्यायची आणि बदल्यात सुती कापड, मणी आणायचे, असा त्यांचा व्यवहार होता. शतक सरता सरता या मालात हाताने फिरवायचे शिलाई यंत्रही आले. भिंती नसलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या ‘चिकी’ घरांत विजेवाचून चालणारे हे यंत्र चांगलेच रुळले. आधी कपड्यांवर वेगळ्या रंगाचे साधे पट्टे शिवले जात. नक्षीचे पॅचवर्क विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास आले.

त्याची रीत मुलांना हाताने करून पाहता येते. दोन-तीन रंगांच्या लांब पट्ट्या कडेला कड लावून शिवायच्या, तयार झालेला पट्टा आडवा किंवा तिरका कापून त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा जरासा सरकवून शेजारच्याला जोडायचा, की रंगांच्या पायऱ्या किंवा चौकटी उमटतात. वर्गात सुई-दोऱ्याऐवजी रंगीत कागद आणि गोंद पुरतो. मात्र गोधडीप्रमाणे इथे थर नसतात; हा नक्षीपट्टा घागऱ्याच्या किंवा सदऱ्याच्या कापडातच बसवलेला असतो. पाऊस, वीज, विस्तव अशी काही नक्ष्यांची नावे मुलांना लगेच आवडतात.

पिसांचा आणि कातड्यांचा व्यापार ओसरला, आणि १९२८ साली दलदलीतून टॅमियामी रस्ता सुरू झाला; तेव्हा पर्यटकांना विकण्यासाठी स्त्रिया कपडे आणि बाहुल्या शिवू लागल्या. म्हणजे घरच्या वापराच्या कलेला संसार चालवण्याचेही काम लागले, आणि ही बाजू पाठ्यपुस्तकी चित्रांत सहसा दिसत नाही.

फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीला १९५७ साली आणि तिच्याशी नाते असलेल्या मिकोसुकी जमातीला १९६२ साली केंद्र सरकारची मान्यता मिळाली. आजही जमातीच्या समारंभांत पुरुष पॅचवर्कची जाकिटे घालतात, आणि जत्रेतील पोशाख-स्पर्धेत लहान मुलेही उतरतात.