‘घरात आधी कोणाला होतं का?’

शौचावाटे रक्त जातं म्हणून जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यात गेलं, की डॉक्टर विचारतात, ‘घरात आधी कोणाला कॅन्सर होता का?’ सोबतचे नातेवाईक एकमेकांकडे बघतात आणि ‘नाही’ म्हणतात. या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो सुरू होतो एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून.

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तिने ॲल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना सांगितलं, की आमच्या घरात माणसं पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिन यांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं, घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ मध्ये छापली. त्यानंतर कित्येक वर्षं तिकडे फारसं कोणी वळलं नाही. १९६६ मध्ये हेन्री लिंच यांनी अशीच आणखी घराणी मांडली. घराण्यात चालत येणाऱ्या या आजाराला आज त्यांचंच नाव आहे, लिंच सिंड्रोम. १९९३ मध्ये एमएसएच२ हे जनुक सापडलं, पुढच्या वर्षी एमएलएच१. पेशीत डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका ही जनुकं दुरुस्त करतात. तीच बिघडली तर चुका साठत जातात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत लिंच साधारण तिघांना असतो. पण ज्या घरात तो आहे, तिथे रक्तावरच्या जनुकाच्या चाचणीने तो आधीच कळतो. मग विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायची. पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरचा कोंब, दिसला तर दुर्बिणीतूनच काढता येतो. १९६९ पासून हे होत आलं आहे.

हा बिघाड मुलाकडे आणि मुलीकडे सारखाच जातो, प्रत्येक अपत्यात निम्मी शक्यता. आपली वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत मिळते, पण कोण कशाने गेलं हे तिच्यात नसतं. शहाद्याला दिलेली आत्या चाळिशीत गेली, तर माहेरी एवढंच कळतं की ‘पोटात गाठ होती’. सोयरीक अडेल म्हणून तेही दबक्या आवाजात. ही भीती मला कळते, पण तिच्यापायी भाचरांचा जीव जाऊ शकतो, हेही मला दिसतं.

सरकारी तपासणीचा आधार इथे नाही. केंद्र सरकारच्या कॅन्सर तपासणीच्या २०१६ च्या आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, मोठं आतडं नाही. आणि जनुकाची चाचणी शक्यतो आधी आजारी माणसाचीच करावी लागते. त्याच्यात बिघाड सापडला, तरच भावंडांची आणि मुलांची चाचणी नेमकं उत्तर देते. माणूस गेल्यावर त्याला कुठला कॅन्सर होता हे सांगणारा बायोप्सीचा कागद तरी हाताशी हवा. आपल्याकडे तेरावं झालं की फाइलही टाकून देतात.